२०७० पर्यंतचा देशाचा उत्सर्जन-कपातीचा मार्ग आज कसा आखावा? कोल्हापुरातील अभ्यासगटासाठी विचारणा

प्रश्न: रंकाळाकाठ

नमस्कार. मी अर्थशास्त्र शिकवते आणि कोल्हापुरात पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक लहानसा अभ्यासगट चालवते. या सत्रात आम्ही भारताचे दीर्घकालीन कमी-उत्सर्जन विकास धोरण वाचायला घेतले आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या चौथ्या कलमात प्रत्येक देशाने असे धोरण तयार करण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. त्यानुसार भारताने आपले धोरण नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथील संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत सादर केले. त्याच्या एक वर्ष आधी, ग्लासगो येथे, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (हवेत जितके तापवणारे वायू सोडले, तितकेच काढून घेणे) गाठण्याचे उद्दिष्ट पंतप्रधानांनी जाहीर केले होते.

धोरणात वीज, वाहतूक, शहरे व इमारती, उद्योग, हवेतील कार्बन काढून घेणे, वने आणि अर्थपुरवठा अशा सात क्षेत्रांतील स्थित्यंतरांची चर्चा आहे आणि त्यातून दिशा कळते. मात्र २०४० साली किंवा २०५० साली देशाचे एकूण उत्सर्जन किती असावे, असा आकडा त्यात नाही. आमच्या गटातील एका विद्यार्थिनीने विचारले, "घर बांधायला घेतले आणि वास्तुशांतीची तारीख तेवढी ठरवली, पाया कधी, स्लॅब कधी, पैसे कोठून, हे लिहिलेच नाही, तर घर होईल का?" ती आज वीस वर्षांची आहे आणि २०७० साली पासष्टीची असेल. तिला नीट उत्तर द्यावे, असे मला मनापासून वाटते.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे की, पंचेचाळीस वर्षांपुढचा मार्ग आखण्याची रीत नेमकी कोणती, हे विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगावे. दुसरे म्हणजे, ऊस, म्हशी आणि फौंड्री (लोखंडी ओतकामाचे कारखाने) यांवर ज्या जिल्ह्याचा संसार चालतो, त्या आमच्या जिल्ह्याला असा राष्ट्रीय आराखडा आज, या वर्षी, काही सांगतो का? की तो दिल्लीतच राहणारा कागद आहे?

उत्तर: निवृत्त पारेषण

मॅडम, विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. माझी सगळी नोकरी वीज पारेषणात गेली, त्यामुळे मी विजेपासून सुरुवात करतो.

नियोजनाची आपली नेहमीची सवय म्हणजे गेल्या दहा वर्षांची वाढ पाहायची आणि तीच रेघ पुढे ओढायची. मागणी दरवर्षी इतके टक्के वाढली, म्हणून पुढेही तितकीच वाढेल आणि तितकी केंद्रे उभारावी लागतील, असा तो हिशेब असतो. पाच वर्षांसाठी तो बरा चालतो. उत्सर्जनाच्या बाबतीत मात्र ती रेघ शून्याकडे कधीच वळत नाही, म्हणून येथे उलटीकडून चालावे लागते. २०७० साली देश कसा असेल, त्याला किती ऊर्जा लागेल आणि ती कशातून येईल, हे आधी मांडायचे. मग त्या स्थितीला पोहोचण्यासाठी २०६० साली काय झालेले असले पाहिजे, २०५० साली काय, असे करत आजपर्यंत मागे यायचे. २०१३ साली सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारतासह सोळा देशांच्या अभ्यासगटांनी आपापल्या देशांसाठी याच रीतीने खोल कपातीचे मार्ग मांडले होते.

या रीतीचा खरा उपयोग वस्तूंचे आयुष्य मोजताना कळतो. कोळशावर वीज करणाऱ्या औष्णिक संचाचे आयुष्य चाळीस वर्षे धरले, तर २०३० साली सुरू झालेला संच २०७० साली निवृत्त होईल. म्हणजे ज्या संचाच्या निविदा आज निघतात, त्यांचा निर्णय हा २०७० चाच निर्णय आहे. मालमोटार पंधरा वर्षांत बदलते, त्यामुळे तिला तीन संधी आहेत. सिमेंटच्या भट्टीला एखादीच आहे, आणि आज बांधलेली इमारत तर २०७० साली बहुधा उभीच असेल. कोणत्या वस्तूला किती वेळा बदलण्याची संधी मिळते, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा त्यातून त्यांना अधिक समजेल.

दुसरी गोष्ट एका आकडेमोडीने दाखवता येते. समजा आज उत्सर्जन १०० एकक आहे. एक देश २०२५ पासून सरळ रेषेत उतरत २०७० ला शून्यावर येतो, तर त्याचे पंचेचाळीस वर्षांचे एकूण उत्सर्जन २,२५० एकक होते. दुसरा देश २०६० पर्यंत १०० वरच राहतो आणि शेवटच्या दहा वर्षांत उतरतो. त्याचे एकूण ४,००० होते. दोघांनीही दिलेला शब्द पाळला, पण हवेत दुसऱ्याने पावणेदोन पटींहून अधिक भर घातली. कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके साचून राहतो, म्हणून तापमान ठरते ते या बेरजेवर. अखेरचे वर्ष महत्त्वाचे आहेच; पण तेथवर जाणाऱ्या रेषेचा आकार त्याहून महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आकार आपल्या धोरणात अजून काढलेला नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे मला येथे पटते. विकसनशील देशाचे उत्सर्जन आधी काही वर्षे वाढेल, हे मला मान्य आहे. ते कोणत्या वर्षापर्यंत वाढेल आणि किती उंचीवर थांबेल, हे मात्र लिहिले गेले पाहिजे.

इतर देशांनी याची कायदेशीर व्यवस्था कशी केली, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या २००८ च्या हवामान बदल कायद्याने पाच-पाच वर्षांचे कार्बन अंदाजपत्रक, म्हणजे त्या काळातील एकूण उत्सर्जनाची मर्यादा, ठरवून देण्याची पद्धत आणली आणि ते पाळले जाते का हे तपासणारी स्वतंत्र समिती नेमली. जर्मनीत मार्च २०२१ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने २०३० नंतरच्या कपातीचा तपशील कायद्यात पुरेसा नाही, म्हणून तो अपुरा ठरवला. आजच्या पिढीने कपात पुढे ढकलली तर पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्यावरच बंधने येतात, असा तो युक्तिवाद होता. त्यानंतर जर्मनीने आपले उद्दिष्ट २०५० वरून २०४५ वर आणले. आपल्या विद्यार्थिनीने विचारले तेच थोडे वेगळ्या शब्दांत तेथील तरुणांनी न्यायालयात विचारले होते.

आता आकडे कसे वाचावेत, याविषयी. भारताचे २०३० साठीचे वचन 'तीव्रते'चे आहे: २००५ च्या तुलनेत एक रुपया उत्पन्नामागचे उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करणे. २०२० पर्यंत ते ३६ टक्क्यांनी उतरले होते, आणि हे यश लहान नाही. पण उत्पन्न वाढत असताना तीव्रता उतरूनही एकूण उत्सर्जन वाढू शकते, आणि आपल्याकडे ते वाढलेच आहे. तसेच स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत गल्लत होऊ देऊ नका. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू यांवर न चालणारी) झाली, म्हणजे ठरल्याच्या पाच वर्षे आधी. तरीही प्रत्यक्ष विजेत तिचा वाटा सुमारे एक-चतुर्थांशच होता, कारण सौर पॅनेल रात्री चालत नाही आणि कोळशाचा संच चालतो. म्हणूनच साठवण हा पुढच्या पंधरा वर्षांतील कळीचा प्रश्न आहे. आपल्या सह्याद्रीला यात मोठे काम आहे. दिवसा पाणी वर चढवून संध्याकाळी वीज करणारी उदंचन केंद्रे येथे होऊ शकतात, आणि राज्यातील घाटघर येथे असे २५० मेगावॉटचे केंद्र पूर्वीपासून आहे.

नीती आयोगाचे '२०४७ ऊर्जा सुरक्षा परिदृश्य' नावाचे गणनसाधन मुलांना जरूर दाखवा. प्रत्येक क्षेत्रात प्रयत्नांच्या चार पातळ्या दिलेल्या आहेत, किमान प्रयत्नापासून पराकाष्ठेपर्यंत. एक पातळी बदलली की एकूण चित्र कसे बदलते, हे समोर दिसते.

एक इशारा देऊन थांबतो. अशा प्रतिमानांत (गणिती मॉडेलांत) भविष्यातील रुपयाला आज किती किंमत द्यायची, याचा एक दर कोणीतरी गृहीत धरलेला असतो. दर १० टक्के धरला, तर पंचेचाळीस वर्षांनंतरचे १०० रुपयांचे नुकसान आज जेमतेम १ रुपया ३७ पैशांचे दिसते. ३ टक्के धरला तर तेच २६ रुपयांचे होते. अर्थशास्त्राच्या वर्गात एक पूर्ण तास यावर द्यावा, असे मी सुचवेन. गणकयंत्र उत्तर देते खरे, पण उद्याच्या माणसाची किंमत किती, हे आधी आपणच त्याला सांगितलेले असते.

उत्तर: शिरोलीची भट्टी

मॅडम, दुसऱ्या प्रश्नाला मी माझ्या कारखान्यातून उत्तर देतो. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची मध्यम आकाराची फौंड्री आहे आणि वाहनांचे सुटे भाग ओतणे हे आमचे काम आहे. दोन वर्षांपूर्वी कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) चालणारी जुनी क्युपोला भट्टी काढून विजेची इंडक्शन भट्टी बसवावी का, हा निर्णय आमच्यासमोर होता. सर्वांचा सल्ला एकच होता की वीज म्हणजे स्वच्छ, तेव्हा बदला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आमच्या क्युपोलात टनभर लोखंड वितळवायला सुमारे १३० किलो कोक लागत होता. कोकमधील राख लक्षात घेऊन किलोमागे पावणेतीन ते तीन किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर टनामागे ३६० ते ३९० किलो होतो. इंडक्शन भट्टीला टनामागे सुमारे ६०० युनिट लागतात. देशाच्या ग्रिडमधील, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातील, एका युनिटमागे आज सरासरी सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते, म्हणजे ४२० किलो. आजच्या विजेवर माझी 'स्वच्छ' भट्टी थोडी अधिकच उत्सर्जन करणार, असे उत्तर आले! धूर माझ्या छपरावरून उठून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीवर जाणार, एवढाच फरक.

पण हिशेब भट्टीच्या दाराशी थांबवला तरच हे खरे आहे. ग्रिडचा आकडा ०.३ वर आला, तर त्याच भट्टीचे उत्सर्जन १८० किलोवर येते, आणि त्यासाठी मला एक खिळाही बदलावा लागत नाही. क्युपोला मात्र वीस वर्षांनीही तेवढाच कोक खाणार. शिवाय इंडक्शन भट्टीत पिग आयर्नऐवजी (खनिजापासून केलेल्या कच्च्या लोखंडाऐवजी) पोलादाचे भंगार अधिक घालता येते, आणि एक टन पिग आयर्नमागे झोतभट्टीत दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइड आधीच निघालेला असतो. हे सगळे धरल्यावर निर्णय बदलाच्या बाजूने झाला.

यात माझा मुद्दा असा आहे. माझा निर्णय बरोबर की चूक, हे २०४० साली ग्रिड कसे असेल त्यावर अवलंबून होते, आणि तो आकडा मला कोठेही अधिकृतपणे लिहिलेला सापडला नाही. एका वित्तसंस्थेकडे कर्जासाठी गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी विचारले, "पुढे वीज स्वच्छ होईल हे कशावरून?" माझ्याकडे दाखवायला सरकारचा कोणताही कागद नव्हता. प्रकरण नऊ महिने पडून राहिले. देशाने पाच-पाच वर्षांचे टप्पे लिहून दिले असते, तर माझ्यासारख्या लहान उद्योजकाला ते तारणाइतकेच उपयोगी पडले असते. युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन कर लोखंड-पोलादाला लागू झालेला आहे. आमचे मोठे ग्राहक आता सुट्या भागांच्याही उत्सर्जनाचा तपशील मागू लागले आहेत. तेव्हा हा कागद दिल्लीत राहणारा नाही. तो अर्धवट लिहिला तर त्याची किंमत शिरोलीत मोजावी लागते.

उत्तर: कृष्णाकाठ शिरोळ

ताई, वरच्या दोन्ही दादांचे लिखाण मन लावून वाचले. शेतकऱ्याच्या बाजूने काही मांडतो. आमचा ऊस आहे, चार म्हशी आहेत, आणि २०१९ च्या महापुरात उभा ऊस दोन आठवडे पाण्याखाली राहिलेला मी पाहिला आहे. त्यामुळे हा विषय आम्हाला लांबचा वाटत नाही.

राष्ट्रीय आराखड्यात शेतीचा उल्लेख येतो तो बहुतेक करून कार्बन शोषणारी जमीन किंवा इंधन पुरवणारे शेत म्हणून. देशाच्या २०२० च्या उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के होता. त्यात जनावरांच्या रवंथातून निघणारा मिथेन हा मोठा भाग आहे, भातशेतीचा मिथेन आहे, आणि युरियासारख्या खतांमुळे जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड आहे, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. मिथेनचा हिशेब निराळा आहे. तो सुमारे बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो, म्हणून तो कमी केला तर परिणाम लवकर दिसतो. पण म्हणून 'जनावरे कमी करा' असे कोणी सांगितले, तर आमच्याकडे ते चालणार नाही. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, आणि ते बहुधा घरातील बाईच्या हातात येते. शाळेची फी आणि औषध त्यावर चालते. मार्ग आखायचा तर तो लिटरमागचा मिथेन कमी करण्याचा असावा: चांगली वैरण, चांगली पैदास, भाकड काळ कमी करणे, शेणासाठी गोबरगॅस. हे काम दूध संघांच्या डॉक्टरांच्या हातचे आहे आणि ते आजपासून करता येते.

विजेविषयी एकच सांगतो. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला शेतात जाण्याचे दिवस आम्ही काढले आहेत. विंचू-काट्याची भीती कोणाला सांगायची? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर (वीजवाहिन्या) दिवसा सौर विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा उत्सर्जन कमी होणे आणि माणसाला रात्रीची झोप मिळणे या दोन्ही गोष्टी एकाच तारेतून आल्या. ज्या उपायात असा दुहेरी फायदा असतो तो लोक स्वतःहून मागतात. आराखडा करणाऱ्यांनी असे उपाय आधी घ्यावेत.

आता इथेनॉलविषयी, कारण येथे मला पारेषणवाल्या दादांच्या 'टप्पे लिहा' या म्हणण्याला जोड द्यायची आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५ वर आणले गेले. त्या भरवशावर कारखान्यांनी डिस्टिलरीवर कर्जे काढली. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या काळजीने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले आणि पुढच्या हंगामासाठी ते उठवले गेले. साखरेचा भाव सांभाळणे हे सरकारचे काम आहे, ते मी नाकारत नाही. पण कमी पावसाच्या वर्षी काय करायचे, हे उद्दिष्ट ठरवतानाच लिहून ठेवले असते, तर हंगाम सुरू झाल्यावर घाई झाली नसती. शिवाय उसाला पाणी किती लागते, हे नदीकाठच्या आम्हालाही कळते. इथेनॉलसाठी उसाचे क्षेत्र वाढवत नेणे हा २०७० चा मार्ग नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आहे त्या उसातून अधिक काढा: बगॅसची (उसाच्या चोयट्याची) वीज आहे, प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या मळीच्या गाळापासून) गॅस होतो, आणि खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, न जाळता कुजवले तर युरियाची पोती कमी लागतात. आमच्या गावात पाचट ठेवणारे वाढत आहेत, पण काडी ओढणारेही अजून पुष्कळ आहेत.

प्रतिसाद: रंकाळाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. भट्टीचा हिशेब मी काल फळ्यावर मांडला. ४२० चा आकडा आला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला, आणि मग ०.३ घालून तोच हिशेब मुलांनी स्वतः केला. उपायांचा क्रम आणि त्यांचा परस्परसंबंध म्हणजे काय, हे मला गेले दोन महिने सांगता येत नव्हते.

एका मुलाने मात्र कळकळीने विचारले की, आपण मुळात एवढी धडपड का करावी. १८५० ते २०१९ या काळातील जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सगळ्या दक्षिण आशियाचा वाटा सुमारे ४ टक्केच आहे आणि भारतीय माणसाचे आजचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. मी त्याला सांगितले की तुझे म्हणणे आपल्या धोरणाच्या पहिल्याच पानांत आहे. पण त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

उत्तर: निवृत्त पारेषण

मॅडम, त्या मुलाचा मुद्दा न्यायाचा आहे आणि तो सोडू नये असेच त्याला सांगा. श्रीमंत देशांनी आधी आणि वेगाने उतरले पाहिजे व पैसा दिला पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. माझे म्हणणे इतकेच की, टप्पे लिहिलेला आराखडा हा ती मागणी पुढे करण्याचा सर्वांत भक्कम आधार ठरतो. "आम्ही स्वतःच्या बळावर २०४० पर्यंत येथवर येऊ, एवढे अर्थसाहाय्य व तंत्रज्ञान मिळाले तर येथवर येऊ" अशा दोन रेषा शेजारी-शेजारी काढून दाखवता आल्या, तर मागणीला आकडा मिळतो. भारताच्या २०१५ च्या राष्ट्रीय योगदानात (पॅरिस करारासाठी दिलेल्या वचनपत्रात) काही उद्दिष्टे तंत्रज्ञान हस्तांतरण आणि स्वस्त आंतरराष्ट्रीय निधीच्या अटीवरच मांडली होती, म्हणजे ही रीत आपल्याला नवी नाही. आणि संचाचे आयुष्य चाळीस वर्षांचे असते ही गोष्ट न्यायाच्या प्रश्नामुळे बदलत नाही. चुकीचा संच उभारला, तर त्याचे कर्ज आपल्याच ग्राहकांच्या बिलात येते.

मुलांसाठी एक काम सुचवतो. देशाचा आराखडा करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण जिल्ह्याचा करता येईल. फौंड्री, साखर कारखाने, इचलकरंजीचे यंत्रमाग, शेतीपंप, दूध आणि वाहतूक अशी सहा क्षेत्रे घ्या. प्रत्येकात आज कोणती यंत्रे आहेत, ती साधारण कोणत्या वर्षी बदलायला येतील आणि तेव्हा कोणता पर्याय हाताशी असला पाहिजे, हे विचारत फिरा. वर्षांचा एक उभा तक्ता तयार होईल. पहिल्या आवृत्तीत चुका होतील. पाच वर्षांनी पुढच्या तुकडीने तो पुन्हा करावा.

उत्तर: कृष्णाकाठ शिरोळ

शेती आणि दुधाच्या भागासाठी मुलांना आमच्या गावी पाठवा, ताई. आडसालीच्या लावणीची गडबड संपली की, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी, पुराचे पाणी उतरलेले असले तर या. पाचट ठेवलेले आणि जाळलेले असे दोन शेजारी खोडवे दाखवतो आणि दोघांच्या खताच्या पावत्याही मिळवून देतो.

उत्तर: शिरोलीची भट्टी

फौंड्रीच्या भागासाठी मी गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणि त्या-त्या महिन्याची वितळलेल्या लोखंडाची नोंदवही अशी दोन्ही काढून ठेवतो. जुन्या क्युपोलाच्या कोक खरेदीच्या पावत्याही आहेत. मुलांनी टनामागचा आकडा स्वतः काढावा. माझा ६०० युनिटांचा अंदाज आहे, पण शनिवारी भट्टी थंड करून सोमवारी पुन्हा तापवावी लागते, त्या आठवड्यांत तो वाढत असणार. किती वाढतो, ते मी आजवर कधी मोजलेले नाही.